दादाच्या सहीचं पत्र

आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या लायब्ररीत दर बुधवारी सकाळी अकरा वाजता म्हाताऱ्यांसाठी व्याख्यान असतं. 'म्हाताऱ्यांसाठी' हा शब्द माझा. त्यांच्या पत्रकावर 'सीनियर्स' असतं, आणि शेजारी टेनिसची रॅकेट घेतलेल्या, माझ्यासारख्या अजिबात न दिसणाऱ्या एका बाईचा फोटो असतो. मी जाते. कॉफी बरी असते, एसी जोरात असतो, आणि घरी मी एकटीच असल्यामुळे तेवढंच कुणाचं तरी बोलणं कानावर पडतं. आतापर्यंत मी वाळवंटातले साप, गुडघ्याचे व्यायाम आणि मृत्युपत्र कसं करावं हे तिन्ही विषय मन लावून ऐकले आहेत.

गेल्या हिवाळ्यात एकदा विषय होता एका फार मोठ्या व्हिक्टोरियन कवीची बहीण. बोलणाऱ्या बाई ओहायोच्या, निवृत्त प्राध्यापिका, थंडीपुरत्या ॲरिझोनात येणाऱ्या. कवीचं नाव खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बहिणीचं कुणालाच नाही, आणि बाईंचा सगळा रोख त्यावरच होता. ती भावाचं घर सांभाळायची, त्याच्या कवितांच्या स्वच्छ प्रती करायची, त्याची पत्रं हाताळायची, भेटायला येणाऱ्यांना दारातच थोपवायची. लग्न केलं नाही. स्वतः काही लिहिलं असेल तर ते उरलं नाही. पडद्यावर तिचा फोटो आला. भाऊ खुर्चीत बसलेला, ही मागे उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर. खोलीभर 'ऑ' असा आवाज झाला. माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळे टिपले.

मला त्या 'ऑ'चा राग आला. कारण मीही एका कवीची बहीण आहे. माझा दादा मराठीतला नावाजलेला कवी होता. त्याची एक कविता शाळेच्या पुस्तकात होती, त्यामुळे एका अख्ख्या पिढीने ती पाठ केली आणि परीक्षा झाल्यावर विसरली, असं तो स्वतःच म्हणायचा. शेवटची काही वर्षं तो माझ्याकडे होता. त्याचं घर मी सांभाळलं, प्रती मी केल्या, पत्रं मी हाताळली, आणि दारात मी उभी राहिले. दारात उभी राहणारी बाई बिचारी वगैरे काही नसते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही हे तीच ठरवत असते.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी हात वर केला. एरवी मी कधी करत नाही. विचारलं, "तिने कुणाकुणाला परत पाठवलं?"

बाई खूश झाल्या. "व्हॉट अ वंडरफुल क्वेश्चन!" म्हणाल्या. मग म्हणाल्या की ते कळायला मार्ग नाही. कवीला थोरामोठ्यांनी लिहिलेली पत्रं जपून ठेवलेली आहेत. ज्यांना तिने परत पाठवलं त्यांची पत्रं कोण ठेवणार? असं म्हणून त्या पुढच्या हाताकडे वळल्या. मी कॉफीचा कप हातात धरून तशीच बसून राहिले. कारण मला एक जण माहीत होती. तिला मी परत पाठवलं होतं, आणि तिचं पत्र मी ठेवलं नव्हतं.

भावाच्या ग्रीन कार्डाचा अर्ज मी केला तेव्हा वहिनी होत्या, माझा नवरा होता आणि दादाचे केस काळे होते. अर्ज मंजूर होईपर्यंत यातलं काहीच उरलं नव्हतं. दादाला मूलबाळ नाही. पुण्याचा फ्लॅट बंद करून तो दोन बॅगा घेऊन आला. एकीत कपडे आणि दुसरीत वह्या. विमानतळावरच्या कस्टम्सच्या माणसाने दुसरी बॅग जड लागली म्हणून "फूड?" असं विचारलं, तर दादा म्हणाला, "नो, अनफॉर्च्युनेटली." घरी येईपर्यंत गाडीत तो स्वतःच्याच या विनोदावर हसत होता.

सकाळी नाश्ता झाला की ऊन चढायच्या आत आम्ही मागच्या पॅटिओवर बसायचो. पुण्याच्या पत्त्यावर आलेली पत्रं तिथले शेजारी फोटो काढून पाठवायचे, बाकीच्यांचे ई-मेल यायचे. दादा सांगायचा, मी लॅपटॉपवर टाइप करायची, आणि प्रिंट काढली की तो खाली सही करायचा. प्रस्तावना मागणाऱ्यांना तो दोन ओळींत वाटेला लावायचा, सत्काराला बोलावणाऱ्यांना एका ओळीत. पण नवीन लिहिणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा नियम होता. उत्तर द्यायचंच, आणि उत्तरात त्या माणसाची निदान एक ओळ परत लिहायची: 'ही तुमची ओळ मी उतरवून घेतली आहे.' ते नुसतं म्हणण्यापुरतं नसायचं. एक निळ्या कव्हरची वही होती, तिच्यात तो खरंच लोकांच्या ओळी उतरवून घ्यायचा. खाली फक्त गावाचं नाव. माणसाचं नाव का नाही असं विचारलं तर म्हणायचा, "नाव बघितलं की ओळ नीट वाचून होत नाही." आणि एकही ओळ सापडली नाही तर? "तर पुन्हा वाचायचं. घाई काय आहे?" मला पुष्कळदा घाई असायची. मागे कुकरच्या शिट्ट्या होत असायच्या.

तिसऱ्या वर्षी तो विसरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला कागदावर घड्याळ काढून दाखवायला सांगितलं. त्याने सुरेख गोल काढला, बाराच्या बारा आकडे एका बाजूला कोंबले आणि आमच्याकडे बघून हसला. येताना घराच्या वळणावर म्हणाला, "हे बाहेर कळू देऊ नकोस. लोकांनी माझी कीव केलेली मला चालणार नाही." मी कबूल केलं. त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

तेव्हापासून पत्रं माझ्याकडे आली. आधी तो अर्धं सांगायचा आणि उरलेलं "तूच लिही, तुला ठाऊक आहे" म्हणायचा. पुढे तेही म्हणेनासा झाला. त्याचा हात कापायला लागला तेव्हा जाहिरातींच्या पाठकोऱ्या कागदांवर दोन दुपारी बसून मी त्याची सही गिरवली. मी इथल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तेवीस वर्षं काम केलं आहे. तिथे जो काम करतो त्यानेच त्याखाली सही करायची असते. दुसऱ्याच्या नावाची सही केली तर त्याच दिवशी बॅज काढून घेतात. हे मला नव्याने कुणी सांगायला नको होतं.

आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. लोक उलट लिहायचे, 'सर, तुमच्या दोन ओळींनी धीर आला.' त्या दोन ओळी माझ्या असायच्या. जन्मभर मी वाणसामानाच्या याद्या आणि मशीनच्या नोंदी सोडून काही लिहिलं नव्हतं. मी भांडी घासताना ती उत्तरं मनात घोळवायची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला कुणी म्हणालं की सरांचं पत्र आलं, काय लिहितात हो, तर मी प्रसादाचा द्रोण धरून मान खाली घालायची, पण आतून फुगून जायची.

त्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावाहून एक जाड पाकीट आलं. आत वीसेक कविता, सगळ्या हाताने लिहिलेल्या, ठळक गोल अक्षरात. सोबत पत्र. मुलगी नागपूरकडची, लग्न होऊन न्यू जर्सीला आलेली. नवरा आयटीत. हिच्या व्हिसावर नोकरीला परवानगी नाही, त्यामुळे दिवसभर अपार्टमेंटमध्ये एकटी. 'सरांना कागद आवडतो असं एका मुलाखतीत वाचलं, म्हणून ई-मेल केला नाही,' असं लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात नवरा ऑफिसच्या कामाला आमच्या शेजारच्या फिनिक्सला येणार होता. त्याच्याबरोबर येऊन पाच मिनिटं पाया पडून जाऊ का? येताना घरची पुरणपोळी आणीन.

नियमाप्रमाणे मी पाकीट दादाच्या टेबलावर ठेवलं. दोन दिवस तो ती पानं पुढे घेऊन बसला होता. चाळत होता की वाचत होता हे मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले असताना तो बाहेर पडला. पारा एकशे बारा फॅरनहाइटवर होता. पायात काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी उभा असलेला तो शेजारच्या गोऱ्या आजोबांना दिसला, त्यांनी गाडीत घालून आणला. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. मी मलम लावलं, पट्ट्या बांधल्या, त्याच्यावर ओरडले, मग रडले. तो झोपल्यावर टेबल आवरायला घेतलं तर समोर ते पाकीट.

मी बसून कविता वाचल्या. काही कच्च्या होत्या. काही नव्हत्या. मधल्याच एका पानावर एक ओळ होती:

घरी कुणी नसलं तरी मी दार वाजवूनच आत जाते.

माझा नवरा गेला त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी किल्ली लावायच्या आधी माझ्याच घराची बेल वाजवत होते. कामावरून यायची, बेल वाजवायची, थोडं थांबायची आणि मग कुलूप उघडायची. हे मी माझ्या मुलीला सांगितलं नव्हतं, दादालाही नाही. आणि इथे ही कालची पोर ते चांगल्या अक्षरात लिहून, वर पुरणपोळी घेऊन माझ्या दारात यायला निघाली होती. ओळ वाचून मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या कविता टाइप करत होते, आणि माझी गोष्ट हिने लिहिली होती.

दुसरंही कारण होतं, तेही खरं आहे. ती आली असती तर दादाची अवस्था पाच मिनिटांत तिला कळली असती. 'प्रकृती बरी नाही' असं लिहिलं तर बातमी फुटून निम्मं मंडळ डबे घेऊन आलं असतं. ती पुन्हा लिहिणार नाही असंच काहीतरी लिहायला हवं होतं. ही सबब मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत आले. पण नुसतं टाळायचंच असतं तर हजार सौम्य वाक्यं होती, आणि ती सगळी मला येत होती.

मी लिहिलं: 'कविता वाचल्या. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. कविता हा आपला पिंड नाही. एकटेपणालाच कविता समजण्याची चूक बरेच जण करतात. हाताशी वेळ आहे, तर एखादं उपयोगाचं शिक्षण घ्यावं. भेटीचा आग्रह धरू नये.' खाली दादाची सही केली. त्यातलं 'एकटेपणालाच' हे वाक्य जमून आलं म्हणून मला त्या दुपारी बरंसुद्धा वाटलं. आज ते सगळ्यात जास्त टोचतं. पत्र त्याच दिवशी टाकलं, आणि कवितांचं पाकीट निळ्या डब्यात, वर्तमानपत्रांच्या खाली. मंगळवारी रिसायकलिंगचा ट्रक येऊन डबा रिकामा करून गेला.

आठवड्याभराने दादाच्या ई-मेलवर तिचं उत्तर आलं. 'आदरणीय सर, आपण स्पष्ट लिहिलंत, आभारी आहे. पुन्हा त्रास देणार नाही.' बस, एवढंच.

त्याच सुमारास दादाने एक नवीन खूळ काढलं. स्वतःच्या खोलीत जाताना तो दार वाजवायला लागला. दोन टकटक, मग थांबायचा. कान देऊन थांबायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, आत कुणी नाहीये, जा ना!" तो मान हलवायचा, पण दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. डॉक्टरांना दाखवायच्या यादीत मी तेही लिहून ठेवलं, 'जेवण झाल्याचं विसरतो'च्या खाली. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं.

दीड वर्षाने तो गेला. पुण्याहून झूमवर शोकसभा झाली. एक साहित्यिक म्हणाले की या बहिणीने केलेली सेवा मराठी वाङ्मय विसरणार नाही. दोनशे चौकोनी खिडक्यांतली माणसं हात जोडून बसली होती. मी म्यूटवर होते, आणि म्यूटवर आहे हे फार बरं वाटलं.

लायब्ररीतून त्या बुधवारी घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता दादाच्या खोलीत गेले. तो जाऊन चार वर्षं होत आली तरी वह्यांची बॅग मी उघडलीच नव्हती. पुण्याचे संशोधक मागत होते, मी आज-उद्या करत होते. निळी वही वरच होती. काय शोधत होते कुणास ठाऊक. बहुधा काही सापडू नये म्हणूनच बघत होते. शेवटच्या दोन वर्षांत त्याने काहीच उतरवलं नसणार अशी माझी खात्री होती.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एकच ओळ होती. अक्षर उतरत खाली गेलेलं, काही ठिकाणी पेन दोनदा फिरवलेलं, पण ओळ पूर्ण होती. घरी कुणी नसलं तरी मी दार वाजवूनच आत जाते. खाली 'आयसेलिन'. आणि त्याच्याही खाली, जरा लहान अक्षरात: 'हिला कळवणे.'

म्हणजे त्याने वाचलं होतं, निवडलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. कळवायचं मात्र त्याच्याकडून राहून गेलं. त्या दिवशी तो अनवाणी टपालपेटीकडे कशाला गेला होता हे मला आता कधीच कळणार नाही. मी पलंगावर बसले. दादाची मला आठवण येते ती रोजची आहे, तिची सवय झाली आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्यापुढे लाज वाटली. तो समोर असता तर मी त्याच्याकडे बघू शकले नसते.

तिला सगळं ई-मेलमध्ये लिहून मोकळं होता आलं असतं. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं, कारण प्रत्येक वेळी ते चांगलं उतरत होतं आणि चांगलं उतरलेल्याची मला आता धास्ती बसली होती. शेवटी एवढंच पाठवलं: 'मी सरांची बहीण. एप्रिलमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला येते आहे. भेटशील का?' तासाभरात उत्तर आलं. हो मावशी, नक्की मावशी, शनिवारी ओक ट्री रोडवर भेटू.

मुलगी मला सोडायला आली. इथेच जन्मलेली, माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी. गाडी थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, यू लुक लाइक यू आर गोइंग टू कोर्ट." मी म्हटलं, "तू जा." म्हणाली, "टेक्स्ट मी व्हेन यू आर डन." वही माझ्या पर्समध्ये होती, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली.

डोशाचं हॉटेल, शनिवारची दुपार, दाराबाहेर रांग, आत नंबर पुकारणं चाललेलं. ती आधीच येऊन टेबल धरून बसली होती. पस्तिशीची असेल. अंगात जीन्स आणि कुडता. मी 'असू दे, असू दे' म्हणेपर्यंत दोन टेबलांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाकून पाया पडली, आणि सांबाराचा ट्रे घेऊन येणारा वेटर जेमतेम थबकला.

ती भडाभडा बोलायला लागली. दादा गेल्याचं वाचून किती रडली. शोकसभेत तीही होती, एका खिडकीत. "मावशी, सरांनी मला पत्र लिहिलं होतं, तुम्हाला आठवत नसेल. खूप स्ट्रेट लिहिलं होतं. तेव्हा चार दिवस जेवले नाही. मग म्हटलं, अरे यार... सॉरी मावशी... म्हटलं, एवढा मोठा माणूस कशाला खोटं लिहील? मग सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला, वर्क परमिट आलं, आता इन्शुरन्स कंपनीत क्यूएमध्ये आहे. मुलगी आहे चार वर्षांची. सगळे खोटं कौतुक करतात, मावशी. सरांनी वाचवलं मला."

मी डोशाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. एवढ्यावर उठता आलं असतं. तिला नोकरी होती, मूल होतं, आणि दादावर तिची श्रद्धा होती. वही बाहेर काढली तर त्यातलं काय मोडेल हे मला दिसत होतं. नाही काढली तर ती जन्मभर माझंच वाक्य दादाचं म्हणून घेऊन फिरणार होती. मी विचारलं, "आता काही लिहितेस?"

"छे!" ती हसली. "तो माझा पिंडच नाही ना."

माझा शब्द तिच्या तोंडून ऐकल्यावर मला तिथे बसवेना. मी पर्स उघडली, पिशव्या सोडवल्या आणि वही त्या पानावर उघडून तिच्यापुढे सरकवली. दादा चांगल्या वाटलेल्या ओळी या वहीत उतरवायचा, एवढं सांगितलं.

तिने वाचलं. आधी नुसते डोळे फिरले, मग बोट ओळीवरून गेलं. 'आयसेलिन'वर थांबलं. मग खालच्या दोन शब्दांवर. "पण... सरांनी तर लिहिलं होतं..." ती थांबली. पुन्हा वहीतलं अक्षर बघितलं. तिच्याकडच्या पत्रावरची सही तिला पाठ असणार. तिने माझ्याकडे बघितलं.

"ते पत्र मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "सहीसुद्धा माझी. दादाला तेव्हा काही आठवत नव्हतं, आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तू येऊ नयेस म्हणून लिहिलं. पण तेवढंच नाही. तुझी ही ओळ मला लागली, म्हणून मुद्दाम वाईट लिहिलं. दादाला ती आवडली होती. मला माफ कर, असं म्हणायलासुद्धा मला तोंड नाही."

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, माझी ती पानं असतील ना तुमच्याकडे? माझ्याकडची वही मी पत्र आलं त्याच दिवशी फाडली. सगळी. म्हटलं, सरांकडे एक सेट आहे, तेवढा बास."

"नाही गं," मी म्हटलं. "मी टाकून दिली."

"सगळी?"

"सगळी."

तिने मान हलवली. ओठ पुटपुटायला लागले. ती ओळ म्हणत होती, आणि ओळ संपली की अडत होती. पुन्हा पहिल्यापासून म्हणायची, पुन्हा तिथेच अडायची. मग माझ्याकडे वळली. "याच्या पुढे काय होतं? तुम्ही वाचली होती ना?"

"वाचली होती. दोनदा."

"मग? आठवतंय काही?"

दादाच्या सगळ्या कविता मला पाठ आहेत. कुठल्या आवृत्तीत कुठला शब्द बदलला तेही मी सांगू शकते. तिच्या कवितेतलं पुढचं अक्षरही मला आठवलं नाही. मी आठवून बघितलं, खरंच बघितलं, तेव्हा कानात आली ती फक्त दादाच्या खोलीच्या दारावरची टकटक आणि त्याच्यावर ओरडणारा माझा आवाज. मी नाही म्हटलं.

वही तूच ठेव, असं मी म्हणाले. ती म्हणाली, नको, ही सरांची आहे. मग पर्समधून पेन काढलं, पेपर नॅपकिन पुढे ओढला, आणि वहीत बघून बघून स्वतःचीच ओळ त्यावर उतरवून घेतली.